सत्तरीपुढच्यांना दहा मिनिटं जास्त

शनिवारी दुपारी चार वाजता इरफान मुजावरनं माझ्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि टेबलावरचा स्टेपलर माइकसारखा तोंडासमोर धरला.

"व्यासपीठावरील मान्यवर," तो म्हणाला. व्यासपीठ म्हणजे खिडकीजवळची जागा, आणि मान्यवर म्हणजे एकटे मगदूम सर. "आणि जमलेल्या बंधुभगिनींनो. आजच्या सत्कारमूर्ती कुमारी आश्लेषा कुंभोजकर यांनी अवघ्या सात आठवड्यांत अकराशे चाळीस ओळींचा प्रोग्राम लिहिला आहे. तो मी तीनदा वाचला. पहिल्यांदा वाटलं, माझी झोप कमी पडली. दुसऱ्यांदा वाटलं, शिक्षण कमी पडलं. तिसऱ्यांदा वाचायला घेतला आणि घरी फोन केला, की माझी जेवायला वाट बघू नका."

बाकीचे दोघं टेबलावर डोकी ठेवून हसत होते. मी शाल सावरत बसले होते. बाहेर एप्रिलचं ऊन होतं आणि शाल लोकरीची होती.

ही आमच्या ऑफिसची रीत होती. सांगलीत विश्रामबागला, सायकलच्या दुकानावर वरच्या मजल्यावर आम्ही पाच जण छोट्या संस्थांसाठी सॉफ्टवेअर लिहायचो. प्रत्येकाचा कोड इरफान वाचायचा. एका वाचनात त्याला कळला नाही, की शनिवारी सत्कार. शाल, श्रीफळ आणि इरफानचं भाषण. इरफान गावाकडं कबड्डीच्या सामन्यांपासून उरुसापर्यंत सगळीकडं सूत्रसंचालन करायचा, त्यामुळं भाषणाला तोटा नव्हता. भाषणानंतर सत्कारमूर्तीनं स्वतःचा कोड सगळ्यांपुढं मोठ्यानं वाचायचा, आणि सोमवारी त्या नारळाच्या वड्या करून आणायच्या. आधीच्या महिन्यात एकाचा सत्कार झाला होता, कारण त्यानं 'आज कोणता वार' हे तीन वेगवेगळ्या पद्धतींनी काढून त्यांचं बहुमत घेतलं होतं. त्या दिवशी सगळ्यात जास्त मी हसले होते.

"सत्कारमूर्तींना विनंती, की त्यांनी दोन शब्द वाचावेत," इरफान म्हणाला.

मी वाचायला लागले. "जर रुग्णाचा भारगुणांक हा समूहाच्या सरासरी भारगुणांकापेक्षा जास्त असेल, आणि प्रतीक्षास्तर..." इथं मगदूम सरांनी चष्मा काढून पुसला. पन्नास-साठ ओळींनंतर माझाच आवाज मला ऐकवेना. मी कागद खाली ठेवला.

हा प्रोग्राम मिरजेच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यासाठी होता. तिथं रोज दोन-अडीचशे पेशंट यायचे. कुणाला कधी आत सोडायचं हे आता कॉम्प्युटरनं ठरवायचं होतं. मी पुण्याहून इंजिनिअर होऊन आले होते आणि हे माझं पहिलं स्वतंत्र काम होतं. नुसती रांग लावायची, हे मला फार किरकोळ वाटलं. मी न्याय करायला बसले. लांबून आलेल्याला थोडे गुण, पहिल्यांदा आलेल्याला थोडे, मधुमेह असेल तर थोडे. दर मिनिटाला सगळ्यांचे गुण पुन्हा मोजायचे आणि ज्याचे जास्त त्याचा नंबर लावायचा. म्हाताऱ्यांचा तर मी वेगळा विचार केला होता. तपासणीआधी बाहुल्या मोठ्या करायला घालतात ते थेंब त्यांच्या डोळ्यांत सावकाश चढतात असं तिथल्या डॉक्टरांनी बोलता बोलता सांगितलं होतं, म्हणून सत्तरीपुढच्यांना मी स्वतःहून दहा मिनिटं जास्त धरली होती. हे मला कुणी करायला सांगितलं नव्हतं. आपण किती बारीक विचार करतो, असं मला तेव्हा वाटलं होतं.

सगळे गेल्यावर मी मगदूम सरांपुढं जाऊन उभी राहिले. भरतेश मगदूम. पन्नाशीला टेकलेले, कमी बोलणारे, कंपनी त्यांचीच.

"सर, मला हे आवडलं नाही."

"दिसलं ते."

"कोड कळला नाही म्हणजे तो चुकीचा असतो असं नाही."

"नसतो."

"मग?"

"मग काय? सोमवारी दवाखान्यात लावायचाय ना, लाव."

"असाच?"

"मी शंभर खोटे पेशंट घालून बघितलं. नंबर बरोबर आले. लाव तू. फक्त सोमवारी दिवसभर तिथं थांब. कमल सिस्टरांच्या शेजारी खुर्ची टाकून बस. कुणी काही विचारलं, तर उत्तर तू द्यायचं. सिस्टरांना द्यायला लावायचं नाही."

मला हा माझा विजय वाटला. रविवारी आईनं विचारलं, हा नारळ कसला. मी म्हटलं, ऑफिसातला आहे, राहू दे. वड्या वगैरे करणार नव्हतेच मी.

सोमवारी आठ वाजता मी मिरजेत हजर झाले. दवाखान्याला लांब व्हरांडा होता, दोन्ही बाजूंना लाकडी बाकं आणि शेवटी कमल सिस्टरांचा काउंटर. सिस्टर तिथं बावीस वर्षं होत्या. इतकी वर्षं नंबर त्याच लावत होत्या, पुठ्ठ्याचे बिल्ले देऊन. त्यांच्यापुढं आता कॉम्प्युटर होता आणि भिंतीवर लाल आकडे उमटणारा फलक.

"मी फक्त नाव, वय, गाव घालायचं?" त्यांनी विचारलं.

"आणि थेंब घातले की इथं टिक करायची. पुन्हा थेंब कधी घालायचे तेही हाच सांगेल. बाकी सगळं तो बघतो."

"बरंय मग," सिस्टर म्हणाल्या, पण पुठ्ठ्याचे बिल्ले त्यांनी खणात हाताशीच ठेवले.

पहिला तास झकास गेला. आकडे उमटत होते, माणसं उठत होती. इरफानला फोन करून सहज चौकशी केल्यासारखं दाखवावं, असं दोनदा मनात आलं. साडेनऊला एक पागोटेवाले गृहस्थ काउंटरशी आले.

"ताई, माझा नंबर एकवीस. हा तेहतीस नंबरवाला माझ्या मागनं आला आणि आत गेला."

"काका, ते क्रमानं नसतं. तुमचे गुण आणि त्यांचे गुण वेगळे आहेत."

"माझ्यात काय वाईट गुण बघितलास तू?"

"तसे गुण नाहीत. म्हणजे, ते लांबून आले असतील."

"मी कुठनं आलोय? सलगऱ्यासनं आलोय. त्यो हितला हाय, मिरजेचा."

मी स्क्रीन बघितला. तेहतीस नंबरला मधुमेह होता, तो पहिल्यांदा आला होता आणि आणखी तीन गोष्टी होत्या, त्यांचा एकत्र परिणाम काय होतो हे मला कागद-पेन्सिल घेतल्याशिवाय सांगता आलं नसतं. मी म्हटलं, "कॉम्प्युटरनं ठरवलंय." काका गेले नाहीत. त्यांनी तिथंच पायातल्या वहाणा काढल्या आणि तपासणीच्या दारापुढं नेऊन ठेवल्या. त्यांच्यामागं एकीनं पिशवी ठेवली. दहा वाजेपर्यंत दारापासून व्हरांड्याच्या मध्यापर्यंत चपला, पिशव्या, एक छत्री आणि एक जेवणाचा डबा अशी रीतसर रांग लागली. फलकावर आकडे उमटत होते. त्याकडं कुणी बघत नव्हतं.

"ह्यांना सांगा ना, की रांग नाहीये," मी सिस्टरांना म्हटलं.

"तुम्ही सांगा. मगदूम सायबांचा फोन आला होता, उत्तरं तुम्ही देणार म्हणून."

मी सांगायला उठले. तेव्हा माझं लक्ष डावीकडच्या बाकाकडं गेलं. तिथं आठ म्हातारी माणसं ओळीनं बसली होती. आठही जणांच्या डोळ्यांच्या बाहुल्या उघडून मोठ्या काळ्याभोर झाल्या होत्या. सगळी उजेडानं डोळे मिचकावत होती. सकाळी मी आले तेव्हा त्यातली चार तिथंच होती.

टोकाला बसलेल्या आजोबांनी मला हाक मारली. पांढरं धोतर, खाकी शर्ट, शर्टाच्या खिशात दोन पेनं. "बाई, इकडं या जरा. रागावू नका, एक विचारतो."

"विचारा ना."

"माझ्या डोळ्याला औषध लागू पडंना का?"

"असं का म्हणता?"

"सारखं थेंब टाकत्यात. नंबर लागंना. म्हटलं, डोळा पास होत नसंल. माझं काय चुकलं असंल तर सांगा. मी थेंब टाकताना डोळा मिटत न्हाई, बघा."

ते चुकीचं काही करत नाहीत ना, एवढीच त्यांची शंका होती. मी त्यांना "बघते" म्हटलं आणि काउंटरवर येऊन त्यांचं नाव काढलं. सिद्राम बिराजदार, वय ७६, जत. नोंदीची वेळ आठ दहा. आता साडेदहा होत आले होते. त्यांच्यापुढं शेरा होता, 'तयार नाही.' खालच्या सातही जणांपुढं तोच शेरा.

तयार का नाहीत, ते मला माहीत नव्हतं. प्रोग्राम माझा होता, प्रत्येक ओळ मी लिहिली होती. मी कोड उघडला आणि वर-खाली करत राहिले. एका ठिकाणी गुण दिले जात होते, ते दुसरीकडं बदलत होते, तिसरीकडून त्यांवर आणखी काही होत होतं. दहा मिनिटांनीही काही हाती लागलं नाही. मी इरफानला फोन लावला.

तो मोटरसायकलवरून वीस मिनिटांत पोहोचला. तो दारातून आत येताना मी मान खाली घातली. आता भाषण होणार, असं मला वाटलं. त्यानं चपलांची रांग बघितली, बाक बघितलं, खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसला.

"कुठं अडलंय?"

"तेच कळत नाहीये."

"बरं. बघू."

आम्ही दोघं बघत राहिलो. त्याला कळत नव्हतं, त्यात नवल नव्हतं. मला कळत नव्हतं आणि तो ते बघत होता. त्यानं एकदाही शनिवारची आठवण काढली नाही. त्यापेक्षा तो बोलला असता तर बरं झालं असतं.

मधेच सिस्टर बाटली घेऊन बाकाकडं गेल्या. बिराजदार आजोबांनी मान वर केली, थेंब घेतले आणि शेजारच्या आजींना विचारलं, "किती वाजलं?"

"मलाबी दिसंना," आजी म्हणाल्या.

"अकरा दहा," इरफान इथूनच म्हणाला.

"मग बरोबर," आजोबा म्हणाले. "आठ चाळीस, नऊ पाच, साडेनऊ, नऊ पंचावन, दहा वीस, दहा पंचेचाळीस, अकरा दहा. एक मिनिट इकडं न्हाई की तिकडं न्हाई. वक्तशीर काम हाय तुमचं."

इरफान उठला आणि त्यांच्यापुढं उकिडवा बसला. "आजोबा, तुम्ही वेळा लक्षात ठेवल्यात?"

"यष्टीत कंट्रोलर होतो. जत स्टँडला. एकतीस वर्षं."

"दर पंचवीस मिनिटांनी थेंब टाकतात?"

"व्हय. सातही फेऱ्या तशाच."

"आणि नंबर कधी लागणार म्हणून सांगितलंय?"

"थेंबानंतर अर्ध्या तासानं लागंल, असं त्या सिस्टर म्हणल्या. त्यांच्या मशीनवर तसं येतंय म्हणं." आजोबांनी धोतराचा सोगा सावरला. त्यांना बोलू की नको असं झालं होतं. "आता मी आडाणी, मला यातलं कळत न्हाई. पण गाडी अर्ध्या तासानं सुटणार आणि तुम्ही पंचवीस मिनिटाला तिला परत डेपोत पाठवणार, तर ती फलाटाला लागायची कवा?"

इरफाननं वळून माझ्याकडं बघितलं. मी तोपर्यंत डोक्याला हात लावला होता.

थेंब घातल्यावर वीस मिनिटांनी माणूस तयार. पंचवीस मिनिटांनीही बाकावरच असेल, तर पुन्हा थेंब आणि पुन्हा पहिल्यापासून मोजणी. तरुणांना काही अडचण नव्हती, ते विसाव्या मिनिटाला तयार होऊन आत जात होते. सत्तरीपुढच्यांना मी वीसची तीस केली होती. पंचवीस झाली की त्यांची मोजणी शून्यावर येत होती. ती माणसं संध्याकाळपर्यंत बसली असती, उद्यापर्यंत बसली असती, तरी तयार झाली नसती. हे दोन आकडे माझ्या प्रोग्राममध्ये सहाशे ओळींच्या अंतरावर होते. आणि शनिवारपूर्वी तपासताना मी माझे खोटे पेशंट घरातलेच घेतले होते. त्यात सगळ्यात मोठे माझे काका होते, अडुसष्ट वर्षांचे.

"आकडा बदलते लगेच," मी म्हटलं.

"बदल. आणि दुसरीकडं काय हलेल ते सांग," इरफान म्हणाला.

मी आकड्यावर ठेवलेलं बोट उचललं.

"बंद करू या?" मीच विचारलं.

"सिस्टर," इरफाननं हाक मारली, "ते बिल्ले आहेत का हो?"

सिस्टरांनी खण उघडलाच होता. त्यांनी आधी बाकावरच्या आठही जणांना एकामागोमाग एक आत सोडलं. पागोटेवाल्या काकांनी काय चाललंय म्हणून विचारलं, तर सिस्टर म्हणाल्या, "म्हातारी माणसं पहाटपास्नं बसलीत." काका म्हणाले, "मग जाऊ द्या की. मघाशी सांगायचं न्हाई का तसं?"

दुपारी गर्दी ओसरल्यावर मी सिस्टरांच्या शेजारी वही घेऊन बसले. "तुम्ही बावीस वर्षं नंबर कसे लावलेत ते सांगाल का?"

"त्यात काय सांगायचं? डोळ्याला लागलंय, डोळा लाल झालाय, तो पहिला. थेंब चढलेत तो दुसरा. बाकीचे आले तसे."

"थेंब चढलेत हे कसं ठरवता?"

"डोळ्यात बघून. चढले की टिक. त्याला घड्याळ कशाला?"

मी सात आठवड्यांत हे त्यांना एकदाही विचारलं नव्हतं. मी फक्त डॉक्टरांना भेटले होते.

औषधांच्या खोक्यांच्या खोलीत बसून मी पुन्हा लिहायला घेतलं. दोन तास लागले. बेचाळीस ओळी झाल्या. इरफाननं त्या सिस्टरांनाच वाचून दाखवल्या, एक-एक ओळ मराठीत सांगत. शेवटी सिस्टर म्हणाल्या, "हे तर मी बोलले तेच आहे. मग तुम्ही काय केलंत?" इरफाननं खिडकीबाहेर बघितलं. त्याचे खांदे हलत होते. मग मलाही हसू आलं, दिवसभरात पहिल्यांदा.

ते तीन नियम सिस्टरांनी जाड अक्षरांत कागदावर लिहून फलकाखाली चिकटवले. चार वाजता आलेला एक माणूस माझ्याशी भांडायला काउंटरपर्यंत आला, तर बाकावरच्या दुसऱ्यानंच त्याला सांगितलं, "वाच की, भिंतीवर लिहिलंय. त्याचा डोळा लाल हाय." तो गेला आणि बसला.

मंगळवारी मी मगदूम सरांपुढं सगळं सांगितलं. राजीनामा मागितला तर द्यायची तयारी ठेवली होती.

"मलाही सापडलं नव्हतं," सर म्हणाले. "माझे शंभर पेशंट तीस-चाळीस वयाचेच होते. माझ्याही डोक्यात आलं नाही." मग त्यांनी विचारलं, "ही सत्काराची टूम कुणी काढली, माहीत आहे?"

"इरफाननं."

"आमच्या बायकोनं. मी इचलकरंजीत नोकरीला होतो. एका मागाच्या कारखान्याला प्रोग्राम करून दिला होता. असला गुंतागुंतीचा, की माझ्याशिवाय कुणी हात लावू शकत नव्हतं. मला फार अभिमान त्याचा. लग्नात आंतरपाट धरला होता आणि कारखान्याचा फोन आला. मी घेतला. पलीकडं ती हार घेऊन उभी, इकडं मी सांगतोय, आता तिसरं बटण दाबा. सगळा मांडव ऐकत होता. अकरा मिनिटं." सरांनी चष्मा काढला. "घरी आल्यावर तिनं आहेरातली शाल काढली, नारळ घेतला आणि सासरच्या सगळ्या माणसांपुढं माझा सत्कार केला."

"आणि प्रोग्राम?"

"नंतर सहा वर्षं मी एक सुट्टी धड घेतली नाही."

बुधवारी मी वड्या घेऊन गेले. साखरेचा पाक बिघडला होता, त्यामुळं त्या कापाव्या न लागता चमच्यानं घ्याव्या लागल्या. इरफान त्यावर काहीतरी बोलणार होता, सर म्हणाले, "खा गप."

पुढं मी नोकऱ्या बदलल्या, पुण्याला गेले, मोठ्या कंपन्यांत काम केलं. मिरजेचा तो दवाखाना मनात राहिला नाही. बारा वर्षांनी आईला मोतीबिंदूसाठी तिथं घेऊन गेले, तेव्हा काउंटरवर अनोळखी बाई होत्या. कमल सिस्टर निवृत्त झाल्या होत्या. फलक नवा होता. त्याखाली नियमांची रंगवलेली पाटी होती आणि तिच्यावर तीनऐवजी चार ओळी होत्या. चौथी होती, 'दोन वर्षांखालील मूल, रडण्याआधी.'

"ही शेवटची ओळ कधी आली?" मी विचारलं.

"झाली तीन-चार वर्षं. कोल्हापूरची एक मुलगी आली होती कॉम्प्युटरवाली. आम्ही तिच्यासाठी चहा सांगितला, तो यायच्या आत काम करून उठली."

"तिनं आधी कुणाला फोन केला का? ज्यांनी मूळ लिहिलं होतं, त्यांना?"

बाईंनी माझ्याकडं जरा नवलानं बघितलं.

"कशाला?" त्या म्हणाल्या.

फलकावर आईचा नंबर लागला होता. मी तिची पिशवी घेतली आणि तिला हात देऊन उठवलं.